क्रांती सिस्टरची कादंबरी

क्रांती मेटकरी अकरा वर्षांची होती, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत तिच्या चुलत्याला मारलं. सत्त्याऐंशी सालातली गोष्ट. मेटकऱ्यांचं गाव आटपाडी तालुक्यात, माणदेशाच्या अंगाला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं घेऊन कराडकडं निघायचं, नदीकाठच्या रानांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मृगाच्या आधी परत फिरायचं, असा त्यांचा रिवाज. त्या साली फेब्रुवारीतल्या एका दुपारी तीस-चाळीस मेंढरं उसाच्या नव्या लागणीत शिरली. क्रांती आणि तिचा चुलता अर्जुना ती हाकून बाहेर काढत होते, तेवढ्यात बांधावरून सातजण आले.

अर्जुनानं हात जोडले. "चुकलं मालक. मुकं जनावर हाय."

पहिली काठी त्या जोडलेल्या हातांवरच बसली. क्रांतीचा बाप नाथाजी ओढ्याकडून पळत आला आणि मधे पडला. त्याच्या उजव्या हातावर ऊसतोडीचा कोयता आला. कातडी दुभंगली तेव्हा आत पांढरं दिसलं, पिंजलेल्या कापसासारखं. रक्त नंतर आलं, आणि आलं ते थांबेना. मग कुणीतरी कुऱ्हाड उलटी धरली आणि तिचा बोथट तुंबा अर्जुनाच्या डोक्यात घातला. आवाज काही मोठा झाला नाही. अर्जुना आधी बसला, मग आडवा झाला, आणि त्याचे पाय कितीतरी वेळ माती उकरत राहिले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोघांना नेलं. क्रांतीनं परकराचा बोळा करून चुलत्याचं डोकं दाबून धरलं होतं. कराड यायच्या आधीच तो गेला. ते तिला कळलं, तरी ट्रॉली थांबेपर्यंत तिनं हात काढला नाही. बापाची दोन बोटं गेली. खटला उभा राहिला, साक्षीदार फिरले, चार वर्षांनी सातहीजण सुटले. नाथाजीनं मेंढरं विकून टाकली आणि पोरीला सांगलीच्या वसतिगृहात घातलं.

पुढं क्रांती नर्स झाली. सत्त्याण्णव सालापासून ती मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात आहे. जोतीराम नावाच्या एसटी कंडक्टरशी लग्न झालं, प्रांजल नावाची मुलगी झाली. नोकरीची बहुतेक वर्षं कॅज्युअल्टीत गेली. तिथं बांधावरच्या भांडणातले भाऊ येतात, एकाच रिक्षातून, एकानं दुसऱ्याला तोडलेलं. जत्रेच्या दिवसांत फुटलेली डोकी येतात. नवऱ्यानं उकळतं तेल ओतलेली बाई येते आणि स्टोव्ह भडकला म्हणून सांगते. क्रांतीला या सगळ्याची सवय झाली होती. इंटर्न पोरं रक्त बघून पांढरी पडली की ती त्यांना म्हणायची, "खाली बसा, डोकं गुडघ्यात घाला. पेशंट मी बघते."

लिहायला तिला लावलं ते लालासाहेबांनी.

लालासाहेब सातारा तालुक्यातल्या एका गावचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दोन हजार चार साली साखरेच्या आजारानं त्यांचा पाय सडला आणि तो कापायला ते मिरजेला आले. त्या वर्षी क्रांतीची ड्यूटी सर्जिकल वॉर्डात होती. लालासाहेबांच्या डोळ्यांचंही नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळं वाचता येत नव्हतं. उशाशी ऐतिहासिक कादंबऱ्यांचा गठ्ठा. दुपारी वॉर्ड शांत झाला की ते म्हणायचे, "सिस्टर, दोन पानं वाचा की."

क्रांती वाचायची. एकदा तिनं एका सरदाराचा प्रसंग वाचला. त्यानं एका दमात तीन गनीम कापले, तलवार पुसली आणि तसाच घोड्यावर बसून राजकन्येला भेटायला गेला. अंगावर शिंतोडाही नाही.

लालासाहेब हसायला लागले. "सिस्टर, असं मरत न्हाईत वो माणसं. मी एकाहत्तरला बघितल्यात. माझ्या मांडीवर एक पोरगा गेला. आईला हाक मारत गेला, आणि मरताना त्याला कपड्यात शी झाली. त्याची लाज वाटून त्यानं माझी माफी मागितली. हे कुणी लिहीत न्हाई."

"मलाबी ठावं हाय," क्रांती म्हणाली. आणि मग वॉर्डात उभ्या उभ्या तिनं त्यांना अर्जुनाची गोष्ट सांगितली. लग्नानंतर नवऱ्यालाही तिनं ती इतकी सविस्तर सांगितली नव्हती.

लालासाहेबांनी उशाचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, "मग तुमी लिवा."

"मला प्रेमाचं वाचायला आवडतं. मारामारीचं न्हाई."

"प्रेमाचंच लिवा. पण त्यात माणूस मेला तर खरा मरू द्या."

ती कादंबरी लिहायला तिला आठ वर्षं लागली. सुट्टीच्या दिवशी एसटीनं साताऱ्याला जाऊन ती मोडी लिपी शिकली, कारण जुने कागद स्वतः वाचल्याशिवाय लिहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. क्लास सुटला की लालासाहेबांच्या घरी जेवायची आणि कुबडी टेकून बसलेल्या त्या म्हाताऱ्याला नवी पानं वाचून दाखवायची. बारगीर म्हणजे ज्याचा घोडाही स्वतःचा नसतो, तो धन्याचा असतो, असं एका कागदात तिला सापडलं, आणि तिथंच तिचा नायक उभा राहिला. सयाजी हा एका किल्लेदाराचा पोरका पुतण्या, काकाच्या घोड्यावर बसणारा साधा बारगीर. नायिका चांगुणा, धनगराची पोर. किल्लेदाराची माणसं चांगुणाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, धाड घालतात तेव्हा सयाजी त्यांच्यात असतो. त्याच्याच हातून तिच्या भावाला जखम होते. ती जखम बांधताना सयाजी आणि चांगुणा पहिल्यांदा बोलतात. "काळ्या लोकरीचा शेला" असं कादंबरीचं नाव.

धाडीचं प्रकरण तिनं बापाला ऐकवायला नेलं. प्रांजल तेव्हा पाचवीत होती. तिनं आजोबांपुढं बसून वाचलं. नाथाजी तीन बोटांचा हात मांडीवर ठेवून ऐकत होता. चांगुणाचा बाप जखमी होऊन ओरडतो ते वाक्य आलं, तशी त्यानं मान हलवली.

"हे चुकलंय, पोरी. मी वरडलो न्हवतो. वरडायला सुचतच न्हाई. आधी वाटतं, हात कुणाचा पडला?"

क्रांतीनं ते वाक्य खोडलं आणि बापाचं घातलं.

दोन हजार बारा साली हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकाकडं गेलं. तीन वर्षांनी परत आलं. सोबत पत्र होतं: लढाईची वर्णनं अंगावर येतात, प्रेमकथेच्या वाचकाला ती झेपणार नाहीत, शिवाय नायिका मेंढपाळाऐवजी सरदारकन्या केल्यास विचार करता येईल. कोल्हापूरच्या दुसऱ्या प्रकाशकानं तिला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, बाईमाणसानं आतडी बाहेर आल्याचं लिहिलेलं बरं दिसत नाही."

"मी ती आत घालून शिवते. लिहिली तर काय बिघडलं?" क्रांतीनं विचारलं. त्यानं दुसरा चहा मागवला, पण कादंबरी घेतली नाही.

एकदा ती खचली. सगळं रक्त काढून टाकून तिनं नवी प्रत केली. धाडीत घोडे येतात, धुरळा उडतो, आणि पुढच्या प्रकरणात सगळे रडताहेत, इतकंच. लालासाहेबांनी ती प्रत ऐकली आणि म्हणाले, "ह्यात कुणी मेलंच न्हाई. मग ती पोरगी त्या गड्याला माफ करती, ते कशाबद्दल?" क्रांतीनं ती प्रत त्यांच्या चुलीत घातली. पुन्हा पहिली हातात घेतली आणि दोन वर्षं तिच्यावरच काम केलं.

लालासाहेब दोन हजार वीसच्या सप्टेंबरात कोरोनानं गेले. क्रांती तेव्हा कोविड वॉर्डात होती. तिला मातीलाही जाता आलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी सांगलीच्या भाऊसोंनी कादंबरी घेतली. भाऊसो म्हणजे साठीचा माणूस, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारा, पण वर्षाला एखादं पुस्तक हौसेनं काढणारा. त्यांनी धाडीनंतरचं एक प्रकरण आधी आपल्या दिवाळी अंकात छापलं. त्यात धाडीतच जखमी होऊन मागं राहिलेला सयाजी मेंढरांच्या तळावर पडलेला असतो आणि चांगुणा घोंगडीखाली त्याच्याशेजारी निजते, कारण तो थंडीनं मरेल अशी तिला भीती असते.

दीड महिन्यानं कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून फोनवर फिरवला. खाली लिहिलं होतं, आपल्या किल्लेदार घराण्याची बदनामी. कादंबरीत किल्ल्याला नाव नव्हतं, घराण्याला आडनाव नव्हतं. पण कोयनेकडच्या एका गावात एक किल्लेदार घराणं होतं, आणि त्या घराण्यातल्या पोरांना ते आपल्याबद्दलच वाटलं. भाऊसोंना फोन यायला लागले. त्यांनी छपाई चालू ठेवली.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला सहाजण छापखान्यात घुसले. हातात लोखंडी गज. एकानं दाराची काच फोडली. दुसऱ्यानं मशिनच्या बटणांवर गज घातले. कादंबरीचे छापून झालेले फॉर्म, म्हणजे सोळा-सोळा पानांचे ताव, भिंतीकडेला रचलेले होते. त्यांवर छापखान्यातलाच थिनर ओतून त्यांनी काडी लावली. भाऊसो जळत्या गठ्ठ्यावर पोतं टाकायला धावले. त्यांच्या डाव्या हातावर गज बसला आणि हाड मोडल्याचा आवाज दोन्ही कामगारांनी ऐकला. मग डोक्यावर. मग ते खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा.

क्रांती त्या दिवशी सकाळच्या ड्यूटीला होती. साडेबाराला दोघाजणांनी एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला कॅज्युअल्टीच्या दारात सोडलं आणि ते निघून गेले. पोराचा उजवा तळवा काचेनं उभा चिरला होता. नाव सांगितलं रविराज. खिडकीची काच बसवताना निसटली म्हणाला. जखमेच्या कडेला काळी शाई होती आणि कपड्यांना थिनरचा वास येत होता. क्रांतीला वाटलं, रंगकाम करणारा असेल.

"सिस्टर, हात जाईल का?" त्यानं विचारलं. त्याचे दात वाजत होते.

"बोटं हलव. हां, ही दोन हलत नाहीत, शीर तुटलीय. ती जोडायला लागेल. पण हात जात नाही."

"आईला सांगू नका."

"सांगावं लागेल, सहीला कुणीतरी लागतं," ती म्हणाली. तिनं जखम धुतली, दाबून पट्टी बांधली आणि सर्जन येईपर्यंत त्याला बाजूच्या खोलीत झोपवलं. जाताना अंगावर चादर घातली, कारण तो कुडकुडत होता.

वीस मिनिटांनी भाऊसोंना आणलं. डोक्यापासून कंबरेपर्यंत रक्तच रक्त, भुवया जळलेल्या, डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला. क्रांतीनं आधी त्यांची नाडी धरली आणि मगच चेहऱ्याकडं बघितलं.

"फॉर्म जाळले गं तुझे," भाऊसो म्हणाले. "मला एकसुद्धा वाचवता आला नाही."

"गप पडा. कुणी मारलं?"

"सहाजण होते. त्यातल्या एकाचा हात दाराच्या काचेनं चिरला. बोंबलत पळाला."

भाऊसोंच्या डोक्याला अकरा टाके पडले, हात लाकडी पट्टीत बांधला, एक्स-रेसाठी त्यांना नेलं. क्रांती यातलं सगळं करत होती आणि तिचे हात नेहमीसारखेच चालत होते. ते सगळं झाल्यावर ती बाजूच्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावलं.

रविराज जागाच होता. ती त्याच्या खाटेशी उभी राहिली.

"छापखाना कुणाचा फोडला?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"काय लिहिलंय त्यात, वाचलंस?"

"वाचायला काय पाहिजे? पोरं म्हणाली. आमच्या किल्लेदाराला धनगराच्या पोरीबरोबर..." तो थांबला. मग विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"ते मी लिहिलंय," क्रांती म्हणाली.

तिनं त्याचा पट्टी बांधलेला हात उचलून आपल्या हातात घेतला. त्याला वाटलं, ती पट्टी तपासतेय. तिनं अंगठा तळव्याच्या मधोमध ठेवला आणि दाबला. शीर कुठं तुटलीय ते तिला माहीत होतं. तो किंचाळला. तिनं आणखी दाबला. पट्टीतून रक्त वर आलं, तिच्या अंगठ्याच्या नखाभोवती गोळा झालं. पोरगा दुसऱ्या हातानं तिचं मनगट ओढत होता आणि ते त्याला हलत नव्हतं. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. कुणीतरी दार वाजवलं तेव्हा तिनं हात सोडला.

बाहेर येऊन ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. "आतल्या पेशंटची जखम मी मुद्दाम दाबली. पुन्हा बघायला लागेल. आणि पोलिसांना बोलवा, भाऊसोंना मारणाऱ्यातला तो एक आहे."

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पहिली गोष्ट मी ऐकली नाही असं समजा."

"ऐका. कागदावर घ्या."

चौकशी झाली. तीन महिने तिला घरी बसवलं. जोतीराम रोज तिच्यासमोर बसून तेच म्हणायचा, "आगं, मागं घे ते पुस्तक. उद्या पोरीला रस्त्यात गाठतील. एका गोष्टीपायी कशाला?" घराच्या दारावर एकदा कुणीतरी रॉकेल ओतून गेलं. काडी लावली नाही, नुसतं दाखवून गेलं. क्रांतीनं दार साबणानं धुतलं. ती जोतीरामला म्हणाली, "भ्या मलाबी वाटतंय. पण अर्जुनाकाका मेल्यावर सगळे गप बसले, तसं मला जमायचं न्हाई." दुसऱ्या दिवसापासून प्रांजलला कॉलेजला जोतीराम स्वतः सोडायला लागला.

घरी बसलेल्या त्या तीन महिन्यांत तिनं एक प्रकरण नव्यानं लिहिलं. आधीच्या कादंबरीत चांगुणा जखमी सयाजीची फक्त सेवा करायची. आता तो तळावर पडलेला असताना ती एकदा त्याच्या जखमेवर पाय देते, मुद्दाम, भावाच्या जखमेपायी. आणि घोंगडीखाली शेजारी निजते ती त्यानंतर. भाऊसोंनी ते वाचलं. त्यांच्या मोडलेल्या हाडाला तेव्हा स्टीलची पट्टी बसवलेली होती आणि बोटं नीट मिटत नव्हती. "आत्ता ही पोरगी माझ्या ओळखीची झाली," ते म्हणाले.

"काळ्या लोकरीचा शेला" दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये निघाली. लिहायला घेतल्यापासून एकोणीस वर्षं झाली होती. प्रकाशन लालासाहेबांच्या गावी, त्यांच्या विधवा पत्नी सुलाबाई यांच्या हस्ते झालं. शाळेच्या खोलीत चाळीसेक माणसं, दारात दोन पोलीस. नाथाजीला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. काही गडबड झाली नाही.

खटला सांगलीच्या कोर्टात उभा राहिला. गेल्या वर्षी क्रांतीची साक्ष झाली. आरोपींच्या वकिलानं आधी रविराजच्या हाताचं विचारलं.

"माझ्या अशिलाला तुम्ही उपचार चालू असताना इजा केलीत, हे खरं का?"

"खरं आहे."

"त्याची दोन बोटं आज मिटत नाहीत. त्याला तुम्ही जबाबदार आहात?"

"शीर काचेनं तुटली होती. पण मी दाबलं नसतं तर कदाचित जास्त सुधारली असती. ते मला ठाऊक नाही, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही."

मग वकिलानं दिवाळी अंक पुढं केला. लिखाणच चिथावणी देणारं होतं, असं त्याचं म्हणणं. त्यातला घोंगडीचा प्रसंग तिनं स्वतःच्या तोंडानं कोर्टात वाचावा, अशी त्यानं मागणी केली. बाई लाजेल, असा त्याचा अंदाज असावा. न्यायाधीशांनी एक पान वाचायला परवानगी दिली. क्रांतीनं वाचलं, वॉर्डात पेशंटला वाचून दाखवायची तसं, सावकाश. पान संपल्यावर तिनं अंक मिटून वकिलापुढं ठेवला. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. तो खटला अजून चालू आहे.

ती बाहेर येऊन लिंबाखालच्या कट्ट्यावर बसली. थोड्या वेळानं एक साठीची बाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली. ती साळूबाई, रविराजची आई.

"माझ्या लेकाचा हात दाबलास व्हय?"

"दाबला."

"लय वरडला आसंल."

"व्हय."

साळूबाई तिथंच उभी राहिली. क्रांतीला वाटलं, आता ती शिव्या देईल, कदाचित मारेलही, आणि तिनं मारलं तर आपण हात वर करायचा नाही. साळूबाई कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मांडीवरची पिशवी तिनं दोनदा उघडली, दोनदा मिटली.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "आत तू वाचलंस ते... त्या पोरीचं पुढं काय झालं?"

क्रांतीनं सांगितलं. सयाजी बरा होतो, काकाच्या घोड्यावर बसून लढाईला जातो, परत यायचं वचन देतो. लढाईत त्याच्या पोटात भाला जातो आणि तो तीन दिवस जगतो. शेवटी घोडा एकटाच मेंढरांच्या तळावर येतो. चांगुणा तो घोडा किल्लेदाराला परत करत नाही. पोटात मूल घेऊन त्याच घोड्यावर बसून ती पूर्वेकडं, आपल्या मुलखाला निघून जाते.

साळूबाईनं डोळ्यांना पदर लावला. कोर्टाच्या फाटकाबाहेर तिच्या गावाकडची एसटी लागली होती.

"त्यानं परत यायला पायजे हुतं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालायला लागली.